घरी शिकलेली मुलगी मोठी झाल्यावर: आमचा अकरा वर्षांचा हिशेब

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, गेल्या महिनाभरात ओळखीतल्या तीन जोडप्यांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "लेकीला शाळेतून काढलंत, आता मागे वळून बघताना काय वाटतं?" फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून धागाच काढते.

आम्ही वाईचे. लेक चौथीत असताना शाळा सोडली. शाळा वाईट नव्हती. पण रोज रात्री तिच्या पोटात दुखायचं, डॉक्टरांना काही सापडायचं नाही आणि सुट्टी लागली की दुखणं गायब. वर्षभर हे बघितलं आणि ठरवलं. मी तेव्हा नोकरी सोडलेली होती, घरात सासूबाई होत्या, ह्यांचा पगार वेळेवर येत होता. म्हणजे आम्हाला हे परवडण्यासारखं होतं. ते आधीच सांगून टाकते, कारण त्याशिवाय बाकीचं खोटं वाटेल. आता ती वीस वर्षांची आहे, पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहते.

सगळ्यांना काळजी असते अभ्यासाची. माझ्या अनुभवात ती सगळ्यात सोपी बाजू. दहावी आणि बारावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून केली. दहावीला किमान पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा (एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर), एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी. तिने दोन विषय आधी दिले, तीन सहा महिन्यांनी. गणित तिला माझ्याकडून कधी जमलंच नाही, ते सासूबाईंच्या भिशीच्या वहीतून आणि नंतर गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडून शिकली. एवढं पुरे.

खरं सांगायचंय ते वेगळंच. मोठेपणासाठी तयार होणं म्हणजे काय, हे मला एका सकाळी कळलं.

चौदा पूर्ण झाल्यावर ती आमच्या जवळच्या एका रोपवाटिकेत रोज सकाळी दोन तास जायला लागली. मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, बी टोकायचं, उगवण मोजायची आणि ऑर्डरच्या वहीत नोंद करायची. पंधरा वर्षांची असताना एका शेतकऱ्याची पाच हजार टोमॅटो रोपांची ऑर्डर होती. आमच्याकडचा ट्रे ९८ कप्प्यांचा, म्हणजे ५१ ट्रे. तिने वहीत लिहिले ४१. उरलेले दहा आदल्या संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाईकाला गेले.

सकाळी साडेसहाला टेम्पो दारात उभा. ती मोजत होती, परत मोजत होती. मी तिला सोडायला गाडीवरून आले होते, तिचा चेहरा पाहून पुढे झाले. अण्णा बाकावर चहा पीत बसलेले. त्यांनी मला हातानेच "बसा" म्हणून खूण केली आणि तिला म्हणाले, "तूच सांग त्यांना."

ती टेम्पोपाशी गेली. "काका, दहा ट्रे कमी आहेत. चूक माझी. मी वहीत एक्केचाळीस लिहिले."

ते गृहस्थ जरा वेळ बघतच राहिले. मग म्हणाले, "पोरी, बाया आल्यात रानात लावणीला. त्यांची हजेरी कोण देनार?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ती तशीच उभी राहिली, हातातल्या वहीचं पान बोटाने घासत. मग म्हणाली, "आत्ता एक्केचाळीसची लावण सुरू करा. हेच वाण कुठे मिळतंय का बघते, संध्याकाळपर्यंत पोचवते." अण्णांच्या फोनवरून चार रोपवाटिकांना फोन लावले. पाचवडला आठ ट्रे मिळाले. दोन मिळालेच नाहीत. संध्याकाळी अण्णांच्या छोट्या गाडीतून ती आठ ट्रे घेऊन त्या रानात गेली. शेतकऱ्याच्या बायकोने तिला पाणी दिलं आणि पुढच्या वेळी नीट लिही म्हणून बजावलं. जादाच्या खर्चाचे पैसे तिने स्वतःच्या पगारातून कापून घ्यायला सांगितलं आणि अण्णांनी ते घेतले. मला त्या दिवशी अण्णांचा राग आला होता.

तेव्हापासून ती ट्रे मोजून झाल्यावर खडूने कोपऱ्यात आकडा लिहिते आणि दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घेते. हे मी तिला शिकवलेलं नाही. मी शिकवूच शकले नसते, कारण घरात तिच्या चुकीची किंमत नेहमी मीच मोजली असती.

आता उणं काय पडलं ते. पुण्यात पहिल्या वर्षी चौघींचा मिळून एक प्रकल्प होता. दोघींनी काहीच केलं नाही. तिने सगळं रात्री जागून एकटीने केलं आणि सुट्टीत घरी येऊन रडली. "त्यांना सांगायचं कसं तेच कळेना," म्हणाली. शाळेत पाचवी-सहावीपासून मुलं हेच तर शिकतात: न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसणं, त्याच्याकडून काम करून घेणं, भांडण आणि दुसऱ्या दिवशी डबा वाटून खाणं. माझ्या लेकीची माणसं सगळी निवडलेली होती. अण्णा, मास्तर, वाचनालयातल्या बाई, सगळी तिच्यावर माया करणारी. सहज न आवडणारं माणूस तिच्या वाट्याला एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा आलं.

आणि तीन तासांचा पेपर. येत असूनही पहिल्या सत्रात दीड प्रश्न राहिला. घरी आम्ही घड्याळ लावून कधी लिहूनच घेतलं नाही. परीक्षा तोंडावर आल्यावर लावलं, तेव्हा उशीर झाला होता.

तर माझा प्रश्न असा: ज्यांची मुलं घरी शिकून मोठी झाली, किंवा जे स्वतः असे शिकलेत, तुम्हाला कुठे अडलं? आणि कशाने तरलात?

---

गोदातीर | सोमवार, रात्री ११:०५

ताई, वेळेवर धागा काढलात. मुलगा सात वर्षांचा. आम्ही दोघं गेले सहा महिने याच विचारात आहोत. दोन साध्या शंका. एक, कायद्याचं काय? दोन, शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर पुढे कुठे कुठे अडतं? आमचे वडील एकच वाक्य धरून बसलेत: "दाखला नसला की माणूस नसल्यासारखा."

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:४०

वडिलांचं म्हणणं अगदीच चूक नाही हो. कायद्याचं मला समजलेलं असं: शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयासाठी. त्यात घरी शिकण्याचं नाव कुठे नाही. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा मात्र लिहिलेली नाही. म्हणजे परवानगीचा कागद मिळत नाही आणि कुणी पकडूनही नेत नाही. आमच्याकडे एकदा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक आले होते. त्यांना वह्या दाखवल्या, चहा झाला, त्यांनी नोंद केली आणि गेले.

दाखल्याबद्दल: चौथीचा जो दाखला मिळाला तो मी जिवापाड जपला. जन्मदाखला, आधार आणि तो, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आजच तपासा. एनआयओएसच्या दहावीला वय चौदा पूर्ण लागतं, आणि आठवी पासचा कागद नसेल तर पुरेसं शिक्षण झाल्याचं स्वतःचं प्रमाणपत्र चालतं. अडतं ते बारीकसारीक जागी. एसटीचा विद्यार्थी पास बोनाफाईडशिवाय नाही. शालेय क्रीडा स्पर्धा शाळेमार्फतच होतात. लेक धावण्यात चांगली होती, तिला त्यात कधी उतरता आलं नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच.

---

खडूफळा | मंगळवार, सकाळी ७:१८

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं शिक्षक आहे, सध्या बीड जिल्ह्यात. ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय, त्याबद्दल आभार. तरीही हा विषय निघाला की मला अस्वस्थ व्हायला होतं, आणि ते सांगणं मला गरजेचं वाटतं.

दिवाळी झाली की आमच्या पटावरची पोरं कमी व्हायला लागतात. आईबाप ऊसतोडीला जातात, कोयत्याबरोबर पोरंही जातात. आम्ही गावात फिरून आज्यांना विनवतो, हंगामी वसतिगृहात नावं घालतो, जेवणाची सोय आहे म्हणून सांगतो. मुलगी असेल तर दुप्पट विनवणी. सातवीतल्या मुलीच्या घरी एकदा गेलो, तर बाप म्हणाला, "घरीच शिकंल की गुरुजी, लहान्या भावाला सांभाळत." त्याच्या तोंडी "घरीच शिकेल" याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. ती मुलगी पुढच्या दोन वर्षांत लग्न होऊन गेली.

तुमच्या लेकीला अण्णा भेटले. आमच्या मुलींना शाळा हीच एकमेव जागा, जिथे घराबाहेरचं कुणी त्यांना नावाने हाक मारतं आणि आज का आली नाहीस म्हणून विचारतं. म्हणून "शाळा सोडा, घरी शिकवा" हे सरसकट वाक्य जेव्हा मोठ्याने बोललं जातं, तेव्हा ते कुणाच्या कानावर पडतंय याचा विचार व्हावा. आणि रोपवाटिकेतलं काम चौदानंतर, दोन तास, आई सोडायला येते, हे ठीक. पण वयाचा आणि तासांचा तो उंबरठा विसरून कुणी हे उदाहरण घेऊ नये, एवढी विनंती.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०२

गुरुजी, तुमचं अक्षर न् अक्षर मान्य. सरसकट सल्ला मी देत नाही, देणारही नाही. आणि वयाचं तुम्ही नेमकं धरलंत. चौदाच्या आधी अण्णांनीच नाही म्हटलं होतं.

---

सतरानंबर | मंगळवार, दुपारी १:३३

मी स्वतः असा शिकलेला. वय २७, आता ठाण्यात एका छोट्या कंपनीत हिशेबाचं काम बघतो. पाचवीनंतर शाळा सोडली, दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. पाचवी पासचा दाखला हातात होता म्हणून निभावलं. @गोदातीर, हे लक्षात ठेवा. काढायचंच असेल तर कुठल्या इयत्तेनंतर काढताय त्याने फरक पडतो.

कुठे अडलं? ऐका. नोकरीत पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या शाळेच्या गोष्टी सांगत होते. कुणाला वर्गाबाहेर उभं केलं, कुणाची सहल कुठे गेली, स्नेहसंमेलनात कोण पडलं. मी हसत बसलो होतो. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं असं नाही. मी बाराव्या वर्षी बाबांबरोबर सायकलवर कोकणात गेलो होतो, वेंगुर्ल्यात तीन आठवडे एका बोट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली बसलो होतो. पण ते सांगितलं की लोक गप्प होतात. "अरे वा" म्हणतात आणि विषय बदलतात. माझ्या आठवणी चांगल्या आहेत, पण त्या कुणाच्या आठवणींना जोडून घेता येत नाहीत. याची सवय व्हायला मला तीन-चार वर्षं लागली.

आणि कशाने तरलो? मला माहीत नसलेली गोष्ट विचारायची लाज वाटत नाही. जीएसटीचं काम आलं तेव्हा आमच्या ऑफिसात कुणालाच नीट येत नव्हतं. बाकीचे म्हणाले, कुणी शिकवलं नाही. मी नियम घेऊन बसलो, अडलं तिथे एका सीए काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आई लहानपणी माझ्या प्रश्नाचं उत्तर माहीत असूनही "कोणाला विचारशील?" असं परत मलाच विचारायची. तेव्हा चिडायचो. आता माझं पोट त्यावर चालतं.

एक गोष्ट मात्र आईबाबांना अजून सांगितलेली नाही, इथे सांगतो. मला मित्र हवे होते. शिकवणीचे किंवा छंदवर्गाचे नाही. रोज संध्याकाळी खाली उतरल्यावर असतातच असे. आमच्या इमारतीतली मुलं सातनंतर शिकवणीला जायची, मी मोकळा असायचो तेव्हा ती बंद असायची. मोकळ्या वेळाचं काय करायचं हे मला छान जमायचं, पण तो वेळ एकट्याचा होता.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ४:१०

@सतरानंबर, हे वाचून थोडा वेळ काही लिहायला सुचलं नाही. लेकीला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, शेवटचा परिच्छेद माझाही आहे." मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. तुमच्यामुळे आज सांगितलं. धन्यवाद.

---

जुनीपाने | मंगळवार, रात्री ९:४७

हा विषय वाचताना मला सारखी पंडिता रमाबाईंची आठवण येते. महाराष्ट्राला माहीत असलेलं घरच्या शिक्षणाचं इतकं लख्ख आणि इतकं वेदनेचं उदाहरण दुसरं नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांना संस्कृत शिकवू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी पत्नीला शिकवलं, त्यावरून विरोध सोसला आणि पुढे सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तिथलाच, १८५८ चा. त्यांना शिकवलं मुख्यतः आईने, लक्ष्मीबाईंनी. शाळा नाही, वर्ग नाही. भागवत मुखोद्गत. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा पाहून "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. विद्वत्तेच्या मापाने पाहिलं तर घरच्या शाळेचं याहून मोठं यश कुठलं?

पण मधली वर्षं बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. आई, वडील, थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरत राहिले, कित्येकदा उपाशी. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की पोथ्यांपलीकडचं जग आम्हाला ठाऊक नव्हतं, पोट भरण्यासाठी करता येईल असं कुठलंच काम आम्हाला शिकवलेलं नव्हतं, अंगमेहनतीचं काम करवत नव्हतं आणि भीक मागवत नव्हती. हजारो श्लोक पाठ असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आणि भाकरी कशी मिळवायची ते माहीत नाही.

आणि नंतर त्यांच्या हातात शाळा आली तेव्हा त्यांनी काय केलं? १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. मुक्तीत मुलींना वाचन-लेखनाबरोबर छापखान्याचं काम, विणकाम, शेती, दूधदुभतं हे सगळं शिकवलं. दुष्काळातून आणलेल्या मुली छपाईचे खिळे जुळवायला बसल्या. स्वतःच्या घरी जे शिकायचं राहिलं, ते रमाबाईंनी दुसऱ्यांच्या लेकींना आधी शिकवलं. मी केडगावला गेलो होतो तेव्हा हाच विचार मनात घेऊन परतलो.

म्हणून ताई, तुमच्या ५१ ट्रेच्या गोष्टीला मी मनापासून दाद देतो. शिक्षण घरी झालं की शाळेत, त्याने मला फारसा फरक वाटत नाही. परक्या माणसाच्या उपयोगी पडेल असं काम हाताला आहे का, एवढंच मी विचारेन.

---

नेकारकाठ | बुधवार, पहाटे २:२०

श्टुटगार्टहून. आमच्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं सक्तीचं आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. काही पालक युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले, तिथेही २००६ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या श्रद्धांची मुलं एकत्र वाढावीत, वेगळे कोष तयार होऊ नयेत, हे त्यामागचं एक कारण. सुरुवातीला मला हे जाचक वाटलं. पण मुलगी पहिलीत गेली आणि शेजारच्या बाकावरच्या सीरियन मुलीची मैत्रीण झाली. आमच्या ओळखीच्या वर्तुळात ती मुलगी आम्हाला कधीच भेटली नसती. ताईंनी "सगळी माणसं निवडलेली होती" लिहिलंय, ते वाचून हेच आठवलं.

---

गोदातीर | बुधवार, सकाळी १०:३०

रात्री बायकोला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दोघंही गप्प झालो. आम्ही सहा महिने अभ्यासक्रम, पुस्तकं, कुठलं बोर्ड यावरच बोलत होतो. संध्याकाळी सात वाजता मुलगा कुणाबरोबर खेळेल, हे आमच्या यादीत नव्हतंच. ताई, एक विचारतो. आज तुमची लेक सात वर्षांची असती, तर काय वेगळं केलं असतंत?

---

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:५५

शाळेतून तर काढलंच असतं. त्या पोटदुखीचं मला आजही वाईट वाटतं. पण तीन-चार गोष्टी नक्की वेगळ्या केल्या असत्या.

दहा वर्षांची झाल्या झाल्या तिच्या स्वतःच्या सहीने चालणारं बँकेचं खातं उघडलं असतं, दहाव्या वर्षापासून तसं करता येतं. आम्ही चौदाव्या वर्षी उघडलं. आणि स्लिप तिलाच भरू दिली असती, चुकली तर खिडकीवरून तिलाच परत पाठवू दिलं असतं.

जिथे मी ओळखत नाही आणि मला कुणी ओळखत नाही अशा एका जागी आठवड्यातून तीन दिवस पाठवलं असतं. तालीम, खो-खोचा संघ, भजनी मंडळ, काहीही. अट एकच: तिथून घरी येऊन तिने कुणाची तरी तक्रार केली, तरी मी मध्ये पडायचं नाही. जिवाला धोका नसेल तर.

बारापासून महिन्यातून एकदा घड्याळ लावून, न आवडणाऱ्या विषयाचं, तीन तास लिहून घेतलं असतं. मार्क द्यायचे नाहीत, फक्त पूर्ण करायचं.

आणि संध्याकाळी सात वाजताचं बघितलं असतं. आमच्या आळीतली मुलं साडेआठला शिकवणीहून परत यायची. आम्ही साडेआठला जेवायला बसायचो, कारण ह्यांना लवकर झोपायचं असायचं. जेवण नऊला ढकलणं एवढंच करायचं होतं. अकरा वर्षांत सुचलं नाही.

लेक शनिवारी येतेय. या सत्रातही चौघींचा प्रकल्प आहे, त्यातली एक परत तीच. या वेळी तिने पहिल्याच दिवशी कामाची वही केली आणि प्रत्येकीच्या नावापुढे तारीख लिहून चौघींच्या सह्या घेतल्या म्हणे. कशी चाललीय वही, ते ती आल्यावर इथेच कळवते.